आक्काचे शुद्धीचे दिवस

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

आजपासून आक्काला कॅल्शियमची गोळी दोनदाऐवजी तीनदा. दुधासोबत. दिवाळीपासून कंबर आणि उजवी मांडी धरते म्हणते. हाडं झिजली असणार. पंचावन्नावं लागलंय तिला, आणि या घरातलं जेवढं म्हणून जड होतं ते तिनेच उचललं. मी आल्यापासून बावीस वर्षं तरी बघते आहे.

गोळ्यांना काही तोटा नाही. गावच्या आशा वर्करच्या घरात आणखी काय असणार! गरोदर बायांना वाटायच्या गोळ्या माझ्याच पिशवीत, आणि निम्म्या बाया त्या खात नाहीत. बाळ मोठं होतं, बाळंतपण अवघड जातं असं सासवांनी डोक्यात भरवलेलं. परत आलेल्या पाकिटांनी कपाटातला डबा भरलाय. गावात वाया चाललं ते घरात तरी कामी येतंय.

आक्का म्हणाली, "तू हायेस म्हनून बरं. न्हाईतर मला कुनी इचारलं असतं?" मोठी जाऊ असून अशी बोलते. मला आतून गुदगुल्या झाल्या, खोटं का लिहू.

छातीचा तो विषय वेगळा. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, सलाईनी झाल्या, केस गेले, परत आले. त्याची रोजची गोळी चालू आहे. दर तीन महिन्यांची तपासणी तेवढी सप्टेंबरात चुकली, सोयाबीन काढणीला आलं होतं. दिवाळीनंतर जाऊ म्हटलं, तर आता कापूस फुटलाय. वेचणी झाली की जाऊ.

११ नोव्हेंबर, सोमवार

जेवत नाही. सकाळी अर्धी भाकरी दुधात कुस्करून दिली, ती उलटली. चार दिवस परसाकडे झालेलं नाही. एरंडेल दिलं रात्री. तोंड वाकडं करत प्याली आणि म्हणाली, "तुह्या भाकरीनं बसलं असंल पोट. अजून जाडच थापतीस."

बावीस वर्षं हेच ऐकते आहे. आज बरं वाटलं ऐकून.

१३ नोव्हेंबर, बुधवार

हा काय नवा प्रकार! दिवसभर पाणी, पाणी. तांब्या खाली ठेवला की परत मागते. आणि मग दर तासाला लघवीला. उठवताना मांडीत अशी कळ जाते की ओठ चावते, ओरडत नाही. तिने ओरडावं तरी. भांडं देते म्हटलं तर लाजते, डायपरचं नाव काढलं तर तोंड फिरवलं. आज अकरा वेळा उठवली. दादा — माझे थोरले दीर, बद्रीनाथ — रानातून आले आणि दारातच थांबले. त्यांना तो चेहरा बघवत नाही.

साखर तपासली माझ्या मशीनवर. एकशे दहा. साखर नाही.

मग सरळ हिशोब आहे. जेवढं पाणी आत, तेवढं बाहेर. पाणी कमी केलं की उठवणं कमी, उठवणं कमी की दुखणं कमी.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभरात चारच गिलास दिलं. पाचदा उठवावं लागलं. निम्म्याहून कमी.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज अकबरबी आली होती, शेजारची. तिच्या शेळीचं दूध घेऊन. हाडाला चांगलं म्हणून मीच सांगितलं होतं. आक्का तिच्याकडे बघून सारखं पाणी म्हणत राहिली, आणि ही बाई उठून सरळ माठाकडे निघाली. मी हात धरला. सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पानी मांगनेवाले को ना नहीं बोलते, दैवशाला. गुनाह हाये त्यो."

मला राग आला. मी म्हटलं, तिला दर तासाला उठवायला तुम्ही येणार आहात का? मग ती माठाकडून परत फिरली. दूध ठेवून गेली.

आमचे हे, कल्याण, आले होते अंकुशनगरहून, पण रात्रीच परत गेले. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतोय. जाताना म्हणाले, "वैनीकडं ध्यान ठेव." मी काय झोपा काढते आहे का!

१७ नोव्हेंबर, रविवार

आक्का सासूबाईंशी बोलते आहे. सासूबाई वारून नऊ वर्षं झाली.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आजचं लिहायचं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय बसवत नाही.

दुपारी चुलतसासू चतुराबाई आणि दोघी-तिघी बघायला आल्या होत्या. आक्का पडून होती, डोळे अर्धे मिटलेले. कोणाला ओळखत नव्हती. चतुराबाईंना नर्स म्हणाली. माझ्याकडे बघून मात्र एकदम टक्क डोळे उघडले आणि स्वच्छ आवाजात बोलली, "हिनं माह्यं पानी बंद केलं."

मी हसले, काय करणार! चतुराबाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "मनावर घिऊ नकु माय. ती तिच्यात न्हाई. कायबी बरळून राह्यली." बाकीच्यांनी माना हलवल्या. बिचारी दैवशाला, एवढं करते आणि वर हे ऐकून घेते, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं.

सगळ्या दिवसात ती एवढं एकच वाक्य खरं बोलली. आणि तेवढंच कुणी खरं धरलं नाही. मीही चहा ठेवायला आत गेले.

दादा उद्या जांब समर्थाला देवाला जाऊन येतो म्हणाले. जाऊ दे. त्यांनाही काहीतरी करायला पाहिजे.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. शाळेत बूथवर माझी ड्युटी होती, सकाळी सहापासून. गोळ्यांची पिशवी घेऊन टेबलाजवळ बसायचं. आक्काजवळ दादा होते.

संध्याकाळी घरी आले तर आक्का मला बघून म्हणाली, "आली का गं?" ओळखलं! चार दिवसांत पहिल्यांदा. दादांना विचारलं काय काय दिलं. ते अपराध्यासारखे म्हणाले, "मागत व्हती तवा पानी देत गेलो. दोन-अडीच तांबे पेली असंल. मला न्हाई म्हनता येत न्हाई तिला. उचलून नेली, काय करू."

मी त्यांना रागावले. थोरल्या दिराला! ते खाली मान घालून ऐकत राहिले.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार. जालना

काल सकाळी आक्का उठली नाही. हाक मारली, गालावर मारलं, पाणी शिंपडलं. नुसतं घशातून आवाज. गावातल्या भुजंगच्या जीपमधून परतूर, परतूरच्या डॉक्टरांनी हात न लावता जालन्याला पाठवलं. सलाईन चालू आहे काल दुपारपासून. तिच्या कॉटखाली चटई टाकलीय, तिथे बसून लिहिते.

आज डॉक्टरांनी बोलावलं. तरुण आहेत, भरभर बोलतात. दादा म्हणाले, "तूच जा. तुला कळतंय त्यातलं." गेले.

त्यांनी रिपोर्ट पुढे ठेवला. वर आक्काचं कागदावरचं नाव, दुर्गाबाई. रक्तातलं कॅल्शियम साडेदहाच्या आत पाहिजे. आक्काचं पंधराच्या वर.

विचारलं, "कॅल्शियमच्या गोळ्या चालू होत्या का? कोणी दिल्या?"

"मीच. आशा आहे मी."

"पाणी किती पीत होत्या?"

"मागत होती खूप. मी कमी केलं होतं. उठवताना दुखायचं म्हणून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग सावकाश बोलले. तेवढं सावकाश बोलण्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

छातीचा आजार हाडांत उतरलाय. मणक्यात, कंबरेत, मांडीत. तो हाड आतून विरघळवतो आणि हाडातलं कॅल्शियम रक्तात येतं. रक्तात ते वाढलं की तहान लागते, सारखी लघवी होते, शौचाला होत नाही, अन्न नको वाटतं, माणूस बरळतं, मग झोपत जातं. मी एकेक ऐकत होते आणि एकेक तारीख आठवत होती.

म्हणाले, "गोळ्यांनी हे झालेलं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. हाडांतून जेवढं येतंय त्यापुढे त्या गोळ्या काहीच नाहीत. द्यायला नको होत्या, एवढंच. पण पाणी..." रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. "पाणी तोडायला नको होतं. जास्तीचं बाहेर टाकायला शरीर तेच मागत होतं."

मी विचारलं, पाणी दिलं असतं तर?

"आजार हाच राहिला असता. कदाचित एवढ्या लवकर बेशुद्ध झाल्या नसत्या. नक्की कोणी सांगू शकत नाही, बाई."

बाहेर आले तर दादा विचारतात, काय म्हणाले? मी म्हटलं, रक्तात कॅल्शियम वाढलंय, सलाईन आणि इंजेक्शननी उतरेल. हाडांतलं नाही सांगितलं. पाण्याचं तर नाहीच.

गावात सत्तावीस गरोदर बाया. प्रत्येकीला मी सांगते, अंगावर काढू नका, मनाने औषध करू नका.

२३ नोव्हेंबर, शनिवार. जालना

हाडांचं इंजेक्शन काल पंधरा मिनिटांत गेलं. दोन-चार दिवस लागतील म्हणाले. नळीतून लघवी मापून लिहितात. मी पण इथे लिहून ठेवते.

देवा, तिला एकदा शुद्धीवर आण. मला तिच्याशी बोलायचंय. बाकी काही मागत नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार. जालना

कॅल्शियम १२.४. डोळे उघडते. मोनालीला ओळखलं — तिची लेक, पुण्याहून आली. मला ओळखलं की नाही कळलं नाही. माझ्याकडे बघून "नर्सबाई" म्हणाली. थट्टा होती का?

२६ नोव्हेंबर, मंगळवार. जालना

थट्टाच होती!

२७ नोव्हेंबर, बुधवार. जालना

१०.८. उठून टेकून बसली. पहिला प्रश्न, "कापूस कोन येचून राह्यलं?" दादा रडायला लागले, हा एवढा मोठा बाप्या, सगळ्या वॉर्डासमोर. आक्का म्हणाली, "रडायला काय झालं? मजुरीचा भाव वाढला का?"

पूर्ण शुद्धीवर आहे. साल, महिना, पंतप्रधान, सगळं विचारलं डॉक्टरांनी, बरोबर सांगितलं. मधले दिवस मात्र आठवत नाहीत. मतदान झालं हेही माहीत नाही. म्हणजे ते वाक्यही आठवत नाही. आता ते वाक्य जगात माझ्याशिवाय कुणाकडे नाही. चतुराबाई तर केव्हाच विसरल्या असतील.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी आलो. जीपमध्ये मागे गादी टाकली होती, तरी घनसावंगी फाट्यानंतरच्या खड्ड्यांत आक्काने माझा हात असा धरला की बांगडी फुटली.

डॉक्टरांनी मला एकटीला परत सांगितलं. हे पुन्हा वाढणार. तीन आठवडे, चार आठवडे. २० डिसेंबरला पुढचं इंजेक्शन. प्रत्येक वेळी ते थोडं कमी लागू पडेल. किती दिवस? "महिन्यांचा हिशोब धरा, वर्षांचा नको." तहान, झोप, बरळणं, उलटी, यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता घेऊन या. दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात. औरंगाबादला नेलं तर मांडीला किरणांचा शेक देता येईल, पण त्यासाठी तिला गाडीत बसता आलं पाहिजे.

दादांना आणि मोनालीला आज सगळं सांगितलं. पाण्याचं सोडून.

लक्षणं पाठ आहेत माझी. या वेळी एक तासही चुकणार नाही मी.

३ डिसेंबर, मंगळवार

मोनाली गेली काल. तिची दोन वर्षांची पोरगी सासूजवळ रडत होती.

आक्का शुद्धीत आहे आणि तिला दुखतं आहे. हे दोन्ही एकदमच परत आलं. गेल्या महिन्यात झोपेत होती तेव्हा कूस बदलली तरी कळत नव्हतं. आता चादर ओढली तरी डोळ्यात पाणी येतं. गोळीने चार तास बरं, मग परत. गोळी वाढवली की उलटते. फोन करून विचारलं, उलटीची गोळी जोडून दिलीय. बघू.

पाणी दिवसाला तीन तांबे देते आहे. मागितलं नाही तरी. गिलास काठोकाठ भरते आणि तिच्या समोर धरताना दर वेळी सांडते. ती म्हणते, "तुला काय झालंय? म्हातारी तू झालीस का मी?"

६ डिसेंबर, शुक्रवार

आज वेणी घातली तिची. आता केस जेमतेम मानेपर्यंत आलेत. मी लग्न होऊन आले तेव्हा ती पहाटे उठून आधी माझी वेणी घालायची, मग स्वतःची. मला विसाव्या वर्षी सरळ भांग पाडता येत नव्हता. जावा-जावा म्हणजे उभा दावा म्हणतात. आमच्यात दाव्याला कधी सवडच मिळाली नाही.

उद्या सांगते तिला.

७ डिसेंबर, शनिवार

नाही सांगितलं.

९ डिसेंबर, सोमवार

सांगितलं.

दुपारी मोसंबी सोलून एकेक फोड देत होते. दादा रानात. घरात दोघीच. मी फोडीवरचं पांढरं काढत काढत सगळं सांगून टाकलं — गोळ्या, चार गिलास, अकबरबीचा हात धरला ते, आणि ती सगळ्यांसमोर काय म्हणाली ते. माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बघत नव्हते. शेवटी म्हणाले, आक्का, तू खरं बोललीस आणि मी तुला वेडी ठरू दिलं.

तिने तोंडातली बी हातावर काढली. मग म्हणाली, "तू मुद्दाम केलं का?"

"नाही."

"मंग झालं."

एवढंच. मी एवढी तयारी केली होती. शिव्या देईल, रडेल, तोंड फिरवेल. आणि ती म्हणते झालं. मी पदर तोंडात कोंबला. तिने माझ्या मांडीवरून मोसंबीची फोड उचलून स्वतःच खाल्ली.

थोड्या वेळाने विचारलं, "त्या दिवसांत मी वरडत व्हते का?"

"पहिले दोन-तीन दिवस कण्हायचीस. मग नाही. मग नुसती झोपून."

"कूस बदलली तरी?"

"तरी."

"हां," म्हणाली.

मला वाटलं, विषय संपला. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. आज पोटभर जेवले, किती दिवसांनी.

१० डिसेंबर, मंगळवार

कालचं हलकं वाटणं एक दिवसाचंच होतं.

सकाळी अंग पुसताना आक्का हळूच म्हणाली, "दैवशाला, ते परत व्हनार न्हवं का? रक्तातलं?"

मी म्हटलं, होईल. पण आपल्याला तारीख दिलीय, इंजेक्शन आहे, या वेळी मी...

"मंग व्हऊ दे."

मला कळलंच नाही. तिने परत सांगितलं, गावातल्या बाईला रस्ता सांगावा तसं नीट. या वेळी जालन्याला न्यायचं नाही. सुई नाही, सलाईन नाही. पाणी मागितलं की पाणी द्यायचं, दुखण्याची गोळी द्यायची. बाकी झोप येईल तर येऊ द्यायची.

"तुला ठावं हाये ना ते कसं येतं. तुला भ्या वाटनार न्हाई."

मी घमेलं उचलून बाहेर आले.

११ डिसेंबर, बुधवार

बोलले नाही तिच्याशी. तीही बोलली नाही. गोळ्या वेळेवर दिल्या.

१३ डिसेंबर, शुक्रवार

राग जात नाही. काय मागते आहे ही! जे पहिल्यांदा अडाणीपणाने केलं, ते आता शहाणपणाने कर म्हणते. त्या चार गिलासांचं ओझं उतरवलं आणि हे ठेवलं डोक्यावर. हिला वाटतं, हिशेब फिटला?

आणि मलाच का? नवरा आहे, लेक आहे. विचारलं तसं. म्हणाली, "त्येन्ला म्हनलं तर त्ये रडून मला घिऊन जातील. मोनाली ओरडून घिऊन जाईल. तू रडतीस, पर ऐकतीस."

मी म्हटलं, मी नाही ऐकणार. मी तुला शुद्धीत ठेवणार. शक्य तेवढे दिवस.

"शुद्धीत ऱ्हाऊन मी काय करून राह्यले, सांग ना. पत्रे मोजून राह्यले छताचे."

"आमच्याशी बोलतेस. काल दादांना हसवलंस."

"व्हय. तुमच्यासाठी हाये ते."

आशाच्या ट्रेनिंगला सगळं शिकवलं. हात कसे धुवायचे तेसुद्धा सात पायऱ्यांत शिकवलं. याचं काही शिकवलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

बरा दिवस. गोळी लागू पडली. सकाळी ओसरीवर उन्हात खाट टाकली, दादा आणि मी चादरीसकट उचलून नेली. अकबरबी आली. मी तिची माफी मागितली, त्या दिवशीची. ती म्हणाली, "कब की बात करती तू," आणि आक्काचे पाय दाबत बसली. आक्काने चार घास खाल्ले. भाकरी माझीच होती. म्हणाली, "आता जरा पातळ व्हायला लागली." बावीस वर्षांत पहिल्यांदा! मग तिघी उगीच बोलत बसलो. कुणाची सून कशी, सरकीचा भाव काय.

असे दिवस हवेत मला. अजून दहा. अजून पाचसुद्धा चालतील. यासाठीच न्यायचं तिला. हे तिला कसं कळत नाही?

१७ डिसेंबर, मंगळवार

सुरू झालं. सकाळपासून तिसरा तांब्या. जेवण नको. दुपारी बोलता बोलता मधेच झोपली, वाक्य तसंच राहिलं.

जालन्याला फोन केला. शुक्रवारची वाट बघू नका, उद्याच आणा म्हणाले. भुजंगला सांगायला गेले तर जीप लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेली, गुरुवारी रात्री येते. दुसरी गाडी बघतेस का म्हणाला. मी बघते म्हटलं.

घरी येईपर्यंत दुसरी गाडी बघितली नाही. का, ते विचारू नये मला. शुक्रवारी सकाळी सातला भुजंग येतो म्हणालाय, तेवढं पक्कं केलं. नेणार म्हणजे नेणार.

१८ डिसेंबर, बुधवार

आक्काने दुपारी दादांना आणि मला दोघांनाही जवळ बसवलं. जाग चांगली होती. तिने स्वतःच सांगितलं त्यांना. मला सांगितलं तेच, तेवढ्याच शब्दांत. दादा तिचा हात धरून तिच्या बांगड्या मागे-पुढे सरकवत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग. तुला कळतं त्यातलं."

सगळ्यांनी मलाच शहाणी करून ठेवलंय. कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या तेव्हाही मीच शहाणी होते.

मी आक्काकडे बघून म्हटलं, परवा जायचं. जीप सांगितलीय.

मला वाटलं, वाद घालेल. तिने माझ्याकडे बघितलं, बघतच राहिली, आणि म्हणाली, "बरं." सासूबाईंना म्हणायची तसं. मग डोळे मिटले.

दादा उठून बाहेर गेले. मी तिथेच बसून राहिले. जिंकल्यावर माणसाला इतकं वाईट वाटतं हे मला माहीत नव्हतं.

१९ डिसेंबर, गुरुवार

झोप वाढली. हाक मारली की डोळे उघडते, ओळखते, परत मिटते. पाणी चमच्याने. आज एकदाही कण्हली नाही. दोनदा कूस बदलली आम्ही, चेहऱ्यावर एक आठी नाही.

पिशवी भरून ठेवलीय. रिपोर्ट, आधार कार्ड, दोन चादरी, तिचं लुगडं. पन्नास किलोमीटर आहे जालना. मला ते खड्डे एकेक माहीत आहेत.

मोनाली निघालीय पुण्याहून. तिला फोनवर सगळं सांगितलं, आई काय म्हणाली तेही. ती ओरडली नाही. विचारलं, "काकू, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, नेते आहे. ती रडत होती, फोन तसाच चालू होता.

२० डिसेंबर, शुक्रवार

जीप सातला आली होती. परत पाठवली.

अकराला जालन्याहून फोन. दुर्गाबाईंची आज तारीख आहे, अजून आल्या नाहीत. मग सिस्टरने आवाज हळू करून विचारलं, वारल्या का?

म्हटलं, नाही. आहेत.

"मग आणलं का नाही?"

दादा दारात उभे होते. मोनाली आक्काच्या उशाशी. दोघेही माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "त्यांनी यायला नाही म्हटलंय. पूर्ण शुद्धीत होत्या तेव्हा म्हटलंय. मला म्हटलंय."